माळाचं वर्ष



स्मृतिव्याख्यानासाठी मी 'मेंढीचं गवत' असा विषय कळवला, तेव्हा चालकांनी जरा संकोचानंच विचारलं होतं, की नावात थोडं वजन वाढवता येईल का. म्हणून आजचं हे नाव. विषय मात्र तोच आहे. माण, खटाव, आटपाडी, जत, सांगोला, पारनेर या पट्ट्यात जे जनावर अनेक कुटुंबांचं पोट भरतं, ते स्वतः काय खातं आणि ते खाणं महिन्यामहिन्याला कसं बदलतं, याला एक संध्याकाळ द्यायला हरकत नसावी.

माझं म्हणणं आधीच सांगून टाकतो, म्हणजे कुणाला लवकर निघायचं असेल तर निघता येईल. कुरण आपण हेक्टरांत मोजतो. सातबाऱ्यावर, वनखात्याच्या नकाशावर, टंचाईच्या अहवालात, सगळीकडे क्षेत्र. पण जुलैतला एक हेक्टर माळ आणि मार्चमधला तोच माळ या मेंढीच्या लेखी दोन वेगळ्या जमिनी आहेत. गवताला जसं क्षेत्र असतं तसा महिनाही असतो. तो महिना आपल्या कागदांवर कधी आलाच नाही.

आधी माळाची ओळख. दबडघाव आणि शंकरनारायण यांचा भारतातल्या गवताळ आच्छादनावरचा ग्रंथ १९७३ साली आला. त्यांनी देशातली गवतं पाच मोठ्या प्रकारांत बसवली आणि दख्खनचं पठार 'सेहिमा-डायकँथियम' या प्रकारात घातलं. सेहिमा म्हणजे शेडा, डायकँथियम म्हणजे मारवेल. दोन्ही बहुवर्षायू, दोन्ही जनावरांच्या आवडीची. चराईचा ताण वाढला की ही दोन मागे सरतात आणि कुसळी पुढे येते. ताण आणखी वाढला की एका पावसापुरती जगणारी बारीक गवतं उरतात. आज सोलापूर-साताऱ्याकडचा बराचसा उघडा माळ या उतरंडीच्या खालच्या पायऱ्यांवर उभा आहे.

आता वर्ष सुरू करू, आणि ते मृगापासूनच करायला हवं.

मृगाचा पाऊस झाला की आठ-दहा दिवसांत माळ हिरवा दिसायला लागतो. मोटारीतून जाणाऱ्याला वाटतं, जनावरांची चंगळ झाली. प्रत्यक्षात मेंढीला हे दिवस फार जड जातात. गेल्या वर्षीचं वाळलेलं गवत पहिल्या पावसात भिजून काळं पडतं, त्यातलं विरघळण्यासारखं जे काही उरलेलं असतं ते धुऊन जातं, बुरशी धरते. मेंढी त्याला तोंड लावत नाही. नवं गवत इंच-दोन इंच, आणि त्यात पंचाहत्तर-ऐंशी टक्के पाणी. तीस किलो वजनाच्या मेंढीच्या पोटात दिवसाला साधारण एक किलो कोरडा चारा जायला हवा. तो असल्या गवतातून मिळवायचा तर तिनं चार-पाच किलो हिरवं ओरबाडलं पाहिजे, आणि एका घासात तर चिमूटभरसुद्धा येत नाही. ती हिरव्याच्या मागे दिवसभर पळते आणि संध्याकाळी थकलेली, ढाळ लागलेली परत येते. प्रयोगशाळेत याच गवताचा नमुना तपासला तर आकडे उत्तम येतील. गवत उत्तम आहे, पण ते पुरेसं नाही आणि फार ओलं आहे.

याच सुमारास आंत्रविषार येतो. मेंढीच्या आतड्यात एरवीही थोडे असणारे क्लॉस्ट्रिडियम जातीचे जंतू अचानक मिळालेल्या कोवळ्या, साखरयुक्त चाऱ्यावर भराभर वाढतात आणि विष तयार करतात. त्यात कळपातली सर्वांत गुटगुटीत कोकरं आधी जातात, कारण ती जास्त खातात. म्हणून या रोगाची लस पावसाआधी टोचायची असते, गवत उगवल्यावर नाही.

आर्द्रा-पुनर्वसू उलटले की चित्र पालटतं. आषाढ-श्रावणात माळावर जे गवत असतं त्याच्या कोरड्या भागात साधारण दहा ते बारा टक्के प्रथिनं मिळतात आणि खाल्लेल्यातलं साठ टक्क्यांच्या वर पचतं. पानं जास्त, काडी कमी. वर्षातला हाच एक काळ असा, की मेंढीला नुसत्या गवतावर अंगावर मांस चढवता येतं.

हे 'प्रथिनांचे टक्के' नेमके कुठून येतात, ते सांगतो. जर्मनीत गटिंगेनजवळ वेंडे नावाच्या गावी १८६०च्या दशकात हेनेबर्ग आणि स्टोहमान यांनी चाऱ्याचं पृथक्करण करण्याची एक पद्धत बसवली. त्या पद्धतीत चाऱ्यातला नत्र मोजतात, त्याला ६.२५ नं गुणतात आणि त्या गुणाकाराला कच्ची प्रथिनं म्हणतात. चाऱ्याच्या पिशव्यांवर आजही हाच आकडा छापलेला असतो. तंतूंच्या बाबतीत मात्र ही पद्धत तोकडी पडली. वाळलेल्या गवतातलं किती पचेल हे तिला नीट सांगता येईना. १९६०च्या दशकात अमेरिकेत पीटर व्हॅन सोस्ट यांनी साबणासारख्या द्रावणांत चारा उकळून पेशीभित्तिका वेगळी काढायची युक्ती शोधली. त्याच दशकात, १९६३ साली, इंग्लंडमध्ये टिली आणि टेरी यांनी मेंढीच्या पोटातला द्रव काचेच्या नळीत घेऊन त्यात चारा पचवून दाखवला. या दोन कामांमुळे गवताचं वय मोजता यायला लागलं, असं मला वाटतं. त्याआधी ते फक्त गुराख्याच्या नजरेला कळत होतं.

गवताचं वय पूर्वा-उत्तरा नक्षत्रांत, म्हणजे भाद्रपदात, एकदम वाढतं. दिवस लहान होऊ लागतात आणि माळावरची बहुतेक गवतं फुलोऱ्यात येतात. आता झाडाला उभं राहायचं असतं, बी वर धरायचं असतं. काडी लांबते, काडीत लिग्निन साठतं. लिग्निन पोटातल्या कुठल्याही जंतूला फोडता येत नाही, आणि ज्या तंतूंना ते चिकटतं ते तंतूही जंतूंच्या हाती लागत नाहीत. फुलोऱ्यात प्रथिनं सहा-सात टक्क्यांवर येतात. बी पडलं की बहुवर्षायू गवत पानांतला उरलासुरला नत्र आणि स्फुरद मुळांकडे ओढून घेतं, पुढच्या पावसाची बेगमी म्हणून. गवताच्या दृष्टीनं हे शहाणपणच आहे. वर उरतं ते पेंढ्याच्या जातीचं काहीतरी. दिवाळीनंतर त्यात चार टक्के प्रथिनं असतात, होळीपर्यंत तीन किंवा त्याहून कमी.

सात आणि तीन या आकड्यांतला फरक वाटतो त्याहून मोठा आहे. मेंढी गवत स्वतः पचवत नाही, तिच्या पोटातले जंतू पचवतात. पोटाचा पहिला मोठा कप्पा ही त्यांची वसाहत. त्या जंतूंना वाढायला नत्र लागतो, आणि खाण्यात साधारण सात टक्क्यांच्या खाली प्रथिनं गेली की त्यांची संख्या रोडावते. जंतू कमी झाले की गवत सावकाश फुटतं. सावकाश फुटलं की ते कप्प्यात जास्त वेळ पडून राहतं. कप्पा भरलेला असला की मेंढीची खाण्याची इच्छा मरते. म्हणजे चारा निकृष्ट झाला म्हणून ती जास्त खाऊन भरपाई करेल, हा आपला सरळ हिशेब इथे उलटा पडतो. चारा निकृष्ट झाला की ती कमी खाते. चैत्रात माळावर दिसणारी मोठ्या पोटाची, बरगड्या मोजून घ्याव्यात अशी मेंढी भरल्या पोटी उपाशी असते.

निसर्गानं तिला एक सोय दिलेली आहे. एरवी लघवीवाटे वाया गेला असता तो युरिया मेंढी बऱ्याच प्रमाणात लाळेतून आणि रक्तातून पुन्हा त्या कप्प्यात आणते आणि जंतूंना देते. याच तत्त्वावर १९८०च्या दशकात आणंदच्या राष्ट्रीय दुग्धविकास मंडळात ऑस्ट्रेलियाच्या रॉन लेंग यांच्या सहकार्यानं युरिया आणि मळीच्या चाटण-विटा तयार झाल्या. जनावर वीट चाटतं, जंतूंना नत्र मिळतो, आणि तोच निकृष्ट चारा थोडा जास्त खाल्ला जातो, थोडा जास्त पचतो. उपयुक्त गोष्ट आहे. पण ती गोठ्यात बांधलेल्या जनावरासाठी सोयीची. रोज मुक्काम हलवणाऱ्या वाड्याबरोबर, म्हणजे धनगरांच्या फिरत्या तळाबरोबर, विटांचं ओझं कोण वाहणार?

या उपासाची नोंद मेंढीच्या अंगावर राहते. लोकरीचा तंतू सतत वाढत असतो आणि त्याला गंधकयुक्त प्रथिनं लागतात. उपासाच्या महिन्यांत वाढलेला तंतू बारीक होतो, आणि एकच धागा टोकापासून मुळापर्यंत तपासला तर कुठे हिरवं मिळालं आणि कुठे नाही हे त्याच्या जाडीवरून ओळखता येतं. ऑस्ट्रेलियात कोरड्या उन्हाळ्यानंतरच्या लोकरीत हा कच्चा भाग इतका ठळक असतो, की धागा तिथेच तुटतो आणि भाव पडतो. तिथे लोकर विकताना तिची ताकद यंत्रावर मोजतात. आपल्या दख्खनी मेंढीची लोकर मुळातच जाड, घोंगडी-जेनांची. तिच्या ताकदीची चौकशी कुणी करत नाही, आणि हल्ली तर कातरणीची मजुरी निघेल एवढा भावही अनेकदा मिळत नाही.

आता एक गोष्ट प्रयोगशाळेच्या विरोधात. गवताचे नमुने घेताना आपण चौकट टाकतो, आतलं सगळं गवत कापतो, वाळवतो, दळतो आणि तपासतो. मेंढी असं खात नाही. तिचं तोंड अरुंद, वरचा ओठ मधोमध चिरलेला आणि चपळ. ती काडी सोडून पान निवडते, वाळलेल्या झुडपातून हिरवी फूट उचलते, गवताच्या बुडाशी लपलेलं शेंगवर्गीय तण शोधते. अन्ननलिकेला छिद्र पाडून मेंढीनं खरोखर काय गिळलं हे पाहणारे प्रयोग जगभर झाले. त्यात बहुतेक वेळा दिसलं, की तिच्या घासातली प्रथिनं कापलेल्या नमुन्यापेक्षा जास्त असतात. म्हणजे सरासरी माळ तीन टक्क्यांचा असला तरी मेंढीचा माळ पाच टक्क्यांचा असू शकतो. मात्र त्यासाठी तिला निवडायला जागा हवी आणि फिरायला वेळ हवा. छोट्या तुकड्यात दाटीनं कोंडलेल्या कळपाला निवड करता येत नाही, त्याला सरासरीच खावी लागते.

कुसळी तर निवडीची परीक्षाच घेते. श्रावणात ती मेंढीला चालते, पण बी पिकलं की तिची अणकुचीदार कुसळं लोकरीत शिरतात, कातडीत घुसतात, तोंडात जखमा करतात. तोच माळ, तेच गवत, पण दीड महिन्यात ते खाद्याचं शस्त्र होऊन बसतं.

या सगळ्याशी धनगरांचं वर्ष ताडून पाहिलं, की त्यांच्या फिरण्याला केवळ 'भटकंती' म्हणणाऱ्यांचं मला आश्चर्य वाटतं. मेंढ्यांचा माज मुख्यतः पावसाच्या सुरुवातीला, नवं गवत अंगी लागल्यावर येतो. गाभणकाळ पाच महिन्यांचा. म्हणजे विणीचा मोठा हंगाम कार्तिकापासून पौषापर्यंत. गर्भाची वाढ सर्वांत जास्त होते ती शेवटच्या दीड महिन्यात, आणि नेमक्या त्याच वेळी माळ सात टक्क्यांच्या खाली घसरलेला असतो. नुसत्या माळावर राहिलेली मेंढी अशा वेळी मरतुकडं कोकरू देईल किंवा दूध देणार नाही. पण तेव्हाच खरिपाची रानं मोकळी होतात. बाजरीची धाटं, भुईमुगाचा पाला, तुरीचा गळलेला पाचोळा, बांधावरचं हिरवं तण. भुईमुगाच्या पाल्यात दहा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात, श्रावणातल्या गवताच्या तोडीची. दसरा-दिवाळीला वाडा हलतो तो या पाल्याच्या मागे.

पारनेरच्या ढवळपुरी भागातले कळप घाट उतरून कोकणात, वाडा-भिवंडीकडे जातात. भात कापून झालेलं असतं, खाचरांत ओल असते, बुडख्यांना फूट आलेली असते. रात्री वाघर, म्हणजे जाळ्याचं कुंपण, लावून मेंढ्या शेतात बसवायच्या, सकाळी शेतकऱ्याला लेंडीखत मिळतं आणि धनगराला धान्य किंवा पैसे. पुढे रब्बीच्या ज्वारीची रानं. त्यानंतर चैत्र-वैशाखात, जेव्हा गवतात काहीच उरलेलं नसतं, तेव्हा झाडं मदतीला येतात. बाभळीच्या शेंगा, हिवराच्या शेंगा, बोरीचा पाला. बाभळीच्या शेंगांत बारा टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असतात. वेड्या बाभळीला आपण शिव्या घालतो, आणि तिनं माळ गिळले हे खरंच आहे, पण तिच्या गोड शेंगांनी उन्हाळ्यात किती कोकरं जगवली हेही त्याच वहीत लिहायला हवं. धनगराच्या हातातली आकडी ही अशा वेळी गवताच्या पंचांगातली उणी पानं भरून काढते.

मृगाच्या तोंडावर वाडा परत येतो, आणि परत येतो तो कमी पावसाच्या मुलखात. घाटमाथ्यावर पाऊस पाचपट, गवत पुरुषभर उंच. तरी तिकडे कोणी पावसाळा काढत नाही. एक कारण उघड आहे, ओल. खुरं सडतात, आणि दहिवर-चिखलात पोटातल्या जंतांच्या अळ्या गवताच्या पात्यावर चढून बसतात. म्हणूनच जाणता माणूस दहिवर उतरल्याशिवाय मेंढ्या सोडत नाही. दुसरं कारण गवतात आहे. दक्षिण आफ्रिकेतल्या मेंढपाळांनी आपल्या गवताळ प्रदेशाचे दोन भाग केलेत, 'गोड' आणि 'आंबट'. जास्त पावसाच्या, धुऊन गेलेल्या जमिनीवरचं आंबट गवत वाढीच्या दिवसांतच खाण्याजोगं असतं, पुढे ते चामट होतं. कमी पावसाचं गोड गवत थोडं असतं, पण वाळल्यावरही त्यात सत्त्व टिकतं. आपल्या सह्याद्रीचा माथा आणि माणदेशाचा माळ हा असाच आंबट-गोड भेद आहे. उंच गवत आणि चांगलं गवत यांत आपले नियोजनकार नेहमी गल्लत करतात.

कृषी विद्यापीठांची शिफारस आहे, की गवत फुलोऱ्यात असताना कापा, वाळवा आणि साठवा. शास्त्र म्हणून ती अचूक आहे. सप्टेंबरात कापलेल्या गवतात नोव्हेंबरच्या जवळजवळ दीडपट प्रथिनं असतात. तरी गावोगाव गवत कापलं जातं ते दिवाळीनंतरच, आणि आपण म्हणतो शेतकरी ऐकत नाही. त्याची बाजू बघा. सप्टेंबरात उत्तरा-हस्ताचा पाऊस असतो, कापलेलं गवत वाळत नाही, कुजतं. त्याच दिवसांत मूग, उडीद, बाजरीची काढणी, मजूर मिळत नाही. आणि गवत विकलं जातं पेंढ्यांच्या शेकड्यावर किंवा वजनावर. पिकलेल्या गवताचं वजन जास्त. बाजार ज्या गोष्टीचे पैसे देत नाही ती गोष्ट शेतकऱ्यानं केवळ जनावरावरच्या मायेपोटी करावी, अशी अपेक्षा मला अप्रामाणिक वाटते. पेंढीचा भाव तिच्या तारखेवर ठरेल तेव्हा कापणीही अलीकडे येईल.

आता कागदांकडे येतो. इंग्रजी अमलात जमिनीची वर्गवारी महसुलाच्या नजरेतून झाली. जिथून सारा येत नाही ती पडीक. स्वातंत्र्यानंतरही माळांचा मोठा भाग आपल्या सरकारी पडीक जमिनींच्या नकाशांत तसाच राहिला. पडीक म्हटलं की काहीतरी लावायला हवं, म्हणून झाडं लागली, चर खणले गेले, कुंपणं आली. झाडं वाईट नाहीत, वर सांगितलेल्या शेंगा झाडांच्याच होत्या. पण ग्लिरिसिडियाचं रोपवन आणि शेडा-मारवेलचा माळ यांतला फरक हेक्टरांत मोजला की शून्य येतो. रोपवनाला जून ते ऑक्टोबर चराईबंदी केली, तर वर्षातल्या सगळ्या पोषक महिन्यांत मेंढी बाहेर राहते. नंतर दार उघडलं तरी तिला पेंढाच मिळतो. कागदावर मात्र चराई सात महिने खुली! उलट बाजूही आहे. दरवर्षी फुलोऱ्याआधी सगळं खरडून खाल्लं तर शेडा बी धरत नाही, मुळांत साठा होत नाही, आणि माळ कुसळीच्या ताब्यात जातो. म्हणून काही तुकडे भाद्रपदात राखावेच लागतील. कुठले तुकडे, कुठल्या वर्षी, हे फिरवत ठेवायचं असतं. ही बोलणी महिन्यांच्या भाषेत झाली तर धनगर आणि वनखातं एका चटईवर बसू शकतात, असा माझा अनुभव आहे.

माळाबाहेरची मोकळी रानंही आता कमी होताहेत. निरा डावा कालवा १८८५ साली सुरू झाला, तेव्हापासून या पट्ट्यात पाण्याखालची जमीन वाढत गेली. उसाचं रान मेंढीला कधीच मोकळं होत नाही. खोडवा धरला की दोन-तीन वर्षं तिथे पाऊल नाही. गळीत हंगामात वाढे मिळतात, पण त्यांत पाच टक्क्यांच्या आसपासच प्रथिनं. म्हणजे वाडा ज्या रानांवर कार्तिक-पौष काढायचा, ती रानं पंचांगातून एकेक करून नाहीशी होताहेत. हिरवळ वाढली, चारा वाढला असं दुरून वाटतं. गाभण मेंढीच्या शेवटच्या दीड महिन्यात मात्र तूट आली.

शेवटी एक करण्यासारखं काम. प्रत्येक तालुक्यातले चार-पाच माळ ठरवावेत. दर महिन्याला तिथे चरणाऱ्या मेंढीच्या मागे चालावं, ती जे तोडते तेच हातानं तोडावं, आणि नमुना राहुरीच्या किंवा जवळच्या कुठल्याही प्रयोगशाळेत पाठवावा. नत्र आणि पचनीयता, दोनच आकडे पुरेत. एका पावसाळ्यापासून दुसऱ्या पावसाळ्यापर्यंत बारा ओळींचा तक्ता होईल, तो ग्रामपंचायतीच्या गायरान नोंदीला जोडावा. महाविद्यालयातली मुलं हे सहज करू शकतात, खर्च फारसा नाही. मेंढीच्या मागे दिवसभर चालण्याची तयारी मात्र हवी. इथल्या शेतकी शाळेतले काही शिक्षक आज सभागृहात आहेत, त्यांच्याशी मी बाहेर बोलणारच आहे. वाढे मुरवून खाऊ घालण्याबद्दल मघाशी चिठ्ठी आली आहे, तिच्यापासून प्रश्नोत्तरं सुरू करू.